मोठं घर, पोकळ वासा: लाकडी रोलर कोस्टरचं नेमकं काय चुकलं?

२००० साली अमेरिकेत ओहायोमधल्या किंग्ज आयलंड पार्कने 'सन ऑफ बीस्ट' नावाचा लाकडी रोलर कोस्टर उभा केला. उंची २१८ फूट, म्हणजे साधारण वीस मजली बिल्डिंग, आणि एवढ्यावर समाधान नाही म्हणून मधेच एक गोल गिरकी, जिच्यात ट्रेन पूर्ण उलटी व्हायची (गिरकी स्टीलची होती, पण ते सोडा). लाकडी कोस्टरमध्ये २०० फुटांच्या वर आधी कोणी गेलं नव्हतं आणि नंतरही कोणी गेलेलं नाही. २००६ मध्ये सांगाड्यातलं एक लाकूड तडकलं, तिथे ट्रॅक खचला, ट्रेन त्या खळग्यातून गेली आणि त्या एका दणक्यात २७ जण जखमी झाले. मग गिरकी काढली, डबे बदलले, तरी जमेना, २००९ मध्ये राइड बंद झाली आणि २०१२ मध्ये अख्खा डोलारा पाडून टाकला. बारा वर्षांचं आयुष्य.

आता दुसरं उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनियात नोबेल्स नावाचं पार्क आहे, तिथे 'फिनिक्स' नावाचा लाकडी कोस्टर आहे. उंची फक्त ७८ फूट. मुळात तो १९४० च्या दशकात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत बांधलेला, ते पार्क बंद पडलं, कोस्टर तसाच पडून राहिला, मग नोबेल्सवाल्यांनी तो विकत घेतला, एकेका फळीवर नंबर टाकून खोलला, ट्रकांवर लादून पार दुसऱ्या टोकाला नेला आणि १९८५ मध्ये परत उभा केला. आज त्याच फिनिक्सला कोस्टरवेड्यांच्या 'गोल्डन तिकीट' पुरस्कारात २०१८ पासून कितीतरी वेळा जगातला सर्वोत्तम लाकडी कोस्टर म्हणून निवडलंय. ७८ फूटवाला जिवंत आहे आणि डोक्यावर मिरवला जातोय, २१८ फूटवाल्याचं नाव फक्त अपघाताच्या गोष्टीत निघतं.

तर मुद्दा असा, की "लाकडी कोस्टरचे दिवस संपले, लाकडात आता काही दम नाही, सगळं स्टीलचं होणार" हे जे सारखं ऐकायला मिळतं ते मला अर्धवट वाटतं. लाकडाने घात केलेला नाही, उंचीच्या हव्यासाने केलाय. आपल्याकडे म्हण आहेच, मोठं घर पोकळ वासा. आणि इथे तर खरोखरच्या वाशांचा प्रश्न आहे.

आधी हे बघू की लाकडी कोस्टरमध्ये लोकांना एवढं काय दिसतं. स्टीलचा कोस्टर जास्त उंच जातो, जास्त जोरात जातो, दहा वेळा उलटा करतो आणि तरी लोण्यासारखा जातो. मग लाकडीवर कोण बसेल? मी पहिल्यांदा बसले तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता, आणि चढावर साखळीची खडखड सुरू झाली तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं. तो आवाज! आणि वरून खाली सुटल्यावर तर आख्खा सांगाडा बोलायला लागतो, फळ्या कुरकुरतात, डबे आदळतात, बाजूचे खांब एवढ्या जवळून सटासट जातात की हात वर करावा की नको कळत नाही. ट्रेन गेली की सांगाडा किंचित हलतो, आणि तो हललाच पाहिजे, कारण लाकूड वाकून तो जोर पचवतं, अजिबात न हलणारं लाकूड तडकतं. पण हे इंजिनिअरचं ज्ञान तिथे बसलेल्याच्या पोटाला नसतं. पोटाला एवढंच कळतं की ही वस्तू हलतेय आणि मी तिच्यावर आहे. ही भीती व्हिडिओत येत नाही. मी बसण्याआधी त्याच राइडचे पाचपन्नास व्हिडिओ बघितले होते, त्यातल्या एकातही हे नव्हतं.

आणि मग एअरटाइम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रेन एखाद्या उंचवट्यावरून इतक्या वेगाने जाते की तुमचं शरीर वर जातच राहतं आणि ट्रेन मात्र खाली वळते, त्यामुळे क्षणभर बूड सीटवरून उचललं जातं. आपण पोटात गोळा येणं म्हणतो ना, तोच तो, फक्त टेकडीमागून टेकडी, लागोपाठ. फिनिक्समध्ये तर जुन्या पद्धतीचा एकच दांडा मांडीवर येतो, तोही मांडीला घट्ट चिकटत नाही, मधे भरपूर जागा राहते, त्यामुळे माणूस खरंच उभा राहिल्यासारखा हवेत जातो. मागच्या डब्यात बसाल तर अजून मजा, कारण पुढचे डबे उताराला लागलेले असतात आणि ते मागच्याला माथ्यावरून ओढून नेतात. पहिल्या रांगेसाठी अर्धा तास जास्त उभे राहणारे लोक मला कधी कळले नाहीत.

हे सगळं शक्य झालं ते जॉन मिलर नावाच्या माणसामुळे. त्याच्याआधीचे कोस्टर म्हणजे ट्रेन ट्रॅकवर नुसती ठेवलेली असायची, धरून काहीच नाही, म्हणून उतार हळुवार ठेवावे लागायचे. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने जी पहिली राइड सुरू केली तिचा वेग ताशी सहा मैल होता, पाच सेंट देऊन लोक त्यावर बसायला झुंबड करत होते. मिलरने १९१९ मध्ये पेटंट घेतलं ते ट्रॅकच्या खालून पकडणाऱ्या चाकांचं. वर एक चाक, बाजूला एक, खाली एक, म्हणजे ट्रेन ट्रॅकला मिठी मारून बसली आणि आता तिला हवं तसं खाली फेकता येऊ लागलं. १९२० चं दशक त्यावरच गाजलं. १९२७ चा कोनी आयलंडचा 'सायक्लोन' त्याच लाटेतला, ८५ फूट उंच, अगदी चिंचोळ्या जागेत कोंबलेला, आणि तो आजही चालतो. पुढे मंदी, महायुद्ध, पार्कं बंद, हे सगळं आलं. १९५९ मध्ये डिस्नीलँडने स्टीलच्या नळीचा ट्रॅक आणला आणि लाकूड म्हणजे जुनाट असं ठरून गेलं. ते १९७२ मध्ये पालटलं, जॉन अॅलनने किंग्ज आयलंडलाच 'रेसर' बांधला तेव्हा. होय, तेच पार्क. पुढची शोकांतिकाही तिथलीच, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

कारण रेसरनंतर लाकूड परत चालायला लागलं, आणि चालायला लागल्यावर स्पर्धा लागली. टेक्सास जायंट १९९० मध्ये आला. १९९१ मध्ये ओहायोमधल्याच सीडर पॉइंट पार्कने १६१ फुटांचा 'मीन स्ट्रीक' काढला. १९९२ मध्ये सॅन अँटोनियोत १७९ फुटांचा 'रॅटलर' आला. मग सन ऑफ बीस्ट. आता या चौघांचं पुढे काय झालं ते बघा. रॅटलर इतका झोडपायचा की दोन वर्षांत त्याचा मोठा उतार कापून कमी करावा लागला, आणि २०१३ मध्ये त्याच्यावर स्टीलचा ट्रॅक चढवला. टेक्सास जायंटवर २०११ मध्ये स्टील चढलं. मीन स्ट्रीक २०१६ मध्ये बंद झाला आणि २०१८ मध्ये 'स्टील व्हेंजन्स' म्हणून परत आला. चौथ्याचं वर सांगितलंच. या चौघांतलं एकही लाकडी राहिलं नाही, आणि याच काळात ७८ आणि ८५ फूटवाले शांतपणे आपले चालतायत.

यामागे साधं गणित आहे. ट्रेन पडते ती गुरुत्वाकर्षणाने, उंची दुप्पट केली की तळाशी तिच्यातली ऊर्जा दुप्पट होते, आणि वळणाचा आकार तोच ठेवला तर तळाशी ट्रॅकवर बसणारा वळणाचा जोरही दुप्पट होतो. स्टीलला त्याचं फार काही वाटत नाही. लाकडी ट्रॅक म्हणजे फळ्यांचे सात-आठ थर एकमेकांवर ठोकलेले, वाकवलेले, वर लोखंडाची पट्टी, आणि हे सगळं सुतारांनी जागेवर हाताने केलेलं. पाऊस लागला की लाकूड फुगतं, ऊन लागलं की आकसतं, खिळे-बोल्ट हळूहळू सैल होतात. कुठेतरी अर्ध्या बोटाचा खळगा पडला की पुढची ट्रेन तिथे आदळते, त्या आदळण्याने खळगा वाढतो, मग त्याच्या पुढच्या ट्रेन जास्त जोरात आदळतात. रस्त्यावरच्या खड्ड्याचं जे होतं तेच, फक्त इथे गाडी म्हणजे कित्येक टनांची ट्रेन आहे आणि ती दिवसभर दर दोन मिनिटांनी बरोब्बर त्याच जागेवरून जाते. ७८ फुटांच्या कोस्टरला हा खळगा सुतार हिवाळ्यात भरून काढू शकतो. १७९ फुटांच्या कोस्टरला तो भरेपर्यंत दुसरे चार पडलेले असतात.

आता स्टील चढवण्याबद्दल. हे काम मुख्यतः रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन नावाची कंपनी करते, लोक आरएमसी म्हणतात, अॅलन शिल्के हा त्यांच्या बऱ्याच राइडचा डिझायनर. जुना लाकडी सांगाडा बराचसा तसाच ठेवायचा, वरचा लाकडी ट्रॅक काढायचा आणि त्या जागी त्यांचा स्टीलचा ट्रॅक बसवायचा. स्टील असल्याने मग उलटं करा, आडवं करा, काहीही करता येतं. स्टील व्हेंजन्स चार वेळा उलटा होतो, २०५ फूट उंच आहे आणि तो भन्नाट आहे याबद्दल फारसं दुमत नाही. त्यामुळे "आरएमसीने लाकडी कोस्टर मारले" असं जे काही लोक म्हणतात ते मला पटत नाही, मीन स्ट्रीक जिवंतच कुठे होता? त्याच्यावर रांग लागत नव्हती, लोक उतरल्यावर मान चोळत जायचे. लॉस एंजेलिसजवळचा १९७८ चा 'कोलॉसस', जपानमधल्या नागाशिमाचा 'व्हाइट सायक्लोन', टँपाचा 'ग्वाझी', हे सगळे याच वाटेने गेले आणि बहुतेकांचं भलंच झालं.

पण इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. एकदा हा मार्ग सापडल्यावर पार्कांना नीट देखभाल करायचं कारणच उरत नाही. हिशोब बघा. एखाद्या पार्कने हिवाळ्यात लाकडी कोस्टरचा हजार फूट ट्रॅक नवा केला तर खर्च भरपूर, आणि जाहिरात काय करणार? "आमची जुनी राइड आता कमी आदळते"? पोस्टर निघत नाही त्याचं. उलट तीच राइड दहा वर्षं सडू द्या, लोकांनी शिव्या घालू द्यात, मग बंद करा, झाकून ठेवा, गूढ वातावरण तयार करा, आणि मोठा खर्च करून नवीन नावाने उघडा, तर टीव्हीवर बातमी, रांगा, टी-शर्ट, सगळं. म्हणजे नीट सांभाळणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि सडवणाऱ्याला बक्षीस. मी असं म्हणत नाही की कोणी मुद्दाम सडवतंय, पण बजेटच्या मीटिंगमध्ये सुताराचा पगार आणि नव्या राइडचं पोस्टर समोरासमोर आले तर कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सुताराचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते, कारण या सगळ्या चर्चेत लोक डिझायनरची नावं घेतात, कंपन्यांची घेतात, आणि ज्याच्या हातात खरोखर ती राइड असते त्याचं कोणी नाव घेत नाही. लाकडी कोस्टरवर पार्क उघडायच्या आधी रोज सकाळी माणूस पायी चालत जातो, आख्खा ट्रॅक, चढ-उतार सगळे, सैल बोल्ट बघत, तडा बघत. ऋतू बदलला की ट्रॅक कुठे काय करेल हे त्याला आठ-दहा वर्षांत कळायला लागतं, कोणत्या वळणाला पावसाळ्यानंतर त्रास होतो, कुठली फळी दर दोन वर्षांनी बदलावीच लागते. हे पुस्तकात नसतं, तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जातं. मेलबर्नच्या लूना पार्कमधल्या १९१२ च्या 'सीनिक रेल्वे'वर आणि कोपनहेगनच्या टिव्होलीमधल्या १९१४ च्या राइडवर तर अजूनही ब्रेक मारणारा माणूस ट्रेनवरच असतो, उतारावर किती सोडायचं आणि कुठे आवळायचं हे तो ठरवतो. तिथे राइड आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. बाकी ठिकाणी तो माणूस फक्त दिसत नाही एवढाच फरक.

"मग मोठा लाकडी कोस्टर बांधायचाच नाही का?" असं कोणी विचारेल. विचारा. इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डचा 'व्हॉयेज' १६३ फूट उंच आहे, २००६ चा, आणि लोक त्याच्यासाठी कुठून कुठून येतात. पण त्याचे खांब स्टीलचे आहेत, ट्रॅक लाकडी आहे, आणि ते कुटुंबाच्या मालकीचं पार्क सीझन संपला की त्याच्या ट्रॅकवर काम काढतं, ते टाळत नाही. म्हणजे मोठं बांधा, पण मग दर हिवाळ्यात सुतारांची फौज ठेवायची तयारी ठेवा. त्याच वर्षी न्यू जर्सीत 'एल टोरो' आला, १८१ फूट. त्याचा ट्रॅक फॅक्टरीत थर चिकटवून मशीनने कापून आणलेला, जागेवर फक्त जोडायचा. तो सुरुवातीला खरंच गुळगुळीत होता, एअरटाइमही जबरदस्त, पण पुढे त्यालाही दुखणी लागली, २०२२ मध्ये काही लोक जखमी झाल्यावर तो महिनोन्महिने बंद राहिला. जर्मनीतला त्याच जातीचा 'कोलॉसोस' २००१ मध्ये आला, २०१६ मध्ये बंद पडला, आणि ट्रॅक नवा करून २०१९ मध्ये परत आला. फॅक्टरीतलं लाकूडही शेवटी लाकूडच.

मधले मार्ग निघालेत आणि मला त्यातच भविष्य दिसतं. ग्रॅव्हिटी ग्रुप ही लाकडी कोस्टर बांधणारी कंपनी आधीच कापून तयार केलेले लाकडी थर देते, म्हणजे फळी जबरदस्तीने वाकवावी लागत नाही, तिच्यात ताण कमी राहतो, ती जास्त टिकते. जीसीआय या अशाच दुसऱ्या कंपनीचा टायटन ट्रॅक आणि आरएमसीचा रिट्रॅक हे लाकडी सांगाड्यावर स्टीलचा तुकडा बसवायचे उपाय, जिथे लाकूड सारखं हरतं तेवढ्यापुरते. शुद्धतावाले लगेच नाक मुरडतात, एक फूट स्टील आलं की बाटलं. मला तसं वाटत नाही. खोल दरीच्या तळाशी, जिथे सगळा जोर बसतो, तिथे खुशाल स्टील लावा, माझ्या कमरेचे आशीर्वाद मिळतील. पण टेकड्यांच्या माथ्यावर, जिथे ट्रेन हलकी होते आणि ती थोडी डुगडुगते, तिथे लाकूडच राहू दे, कारण ज्यासाठी आपण आलो ते तिथे आहे. हा फरक करायला डोकं लागतं, सरसकट सगळं बदलायला फक्त पैसा लागतो.

एक कबूल करते. लाकडी कोस्टरच्या प्रेमात पडलेले आम्ही लोक कधी कधी त्रासालाच मजा म्हणायला लागतो. "थोडं हाडं खिळखिळी झाल्याशिवाय काय लाकडी" वगैरे. हे बरोबर नाही. चांगला सांभाळलेला लाकडी कोस्टर हलतो पण झोडपत नाही, आणि ज्यांना पाठीचा त्रास आहे किंवा लहान पोरं घेऊन जे आलेत त्यांनी एकदा झोडपून घेतल्यावर परत का यावं? जुनं ते सोनं हे ठीक, पण सोन्यालाही मधूनमधून उजाळा द्यावा लागतो. डागडुजी न केलेल्या राइडचं कौतुक करणारा चाहता त्या कंजूस पार्काचीच बाजू घेत असतो, नकळत.

नवीन बांधणारे शहाणे झालेत याच्या खुणा आहेत. इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्सने २०१८ मध्ये 'विकर मॅन' काढला, त्या देशात दोन दशकांनी आलेला नवा लाकडी कोस्टर, आणि तो साठ फुटांचाही नाही. पेटलेल्या भल्यामोठ्या लाकडी पुतळ्याच्या पोटातून ट्रेन जाते, रांगा लागतात, उंची कोणी विचारत नाही. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंगने २०१० मध्ये दोन ट्रेनची शर्यत लावणारा 'योरिस अँड द ड्रॅगन' आणला, तोही मध्यम आकाराचाच. सगळ्यात उंच, सगळ्यात वेगवान, हे स्टीलला देऊन टाकलं की लाकडाच्या डोक्यावरचं ओझंच उतरतं.

आणि ज्या पार्कने सन ऑफ बीस्ट बांधून हात पोळून घेतले, त्याच पार्कात त्याचा बाप अजून पळतोय. 'द बीस्ट', १९७९ चा, जगातला सगळ्यात लांब लाकडी कोस्टर. उंची फक्त ११० फूट, पण तो जमिनीच्या चढउताराचा फायदा घेत जंगलातून जातो, सव्वादोन किलोमीटर, चार मिनिटांच्या वर, रात्री तर समोर काय आहे हेही दिसत नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात पार्कने ग्रॅव्हिटी ग्रुपला बोलावून त्याचा बराच ट्रॅक नवा करून घेतला, लाकडातच, आणि पहिला उतार ४५ अंशांवरून ५३ अंशांवर नेला. हे त्यांनी गुपचूप केलं नाही, आधीच जाहीर केलं, आणि लोक त्यासाठी परत आले. त्या कामात बीस्टची लांबी ७,३५९ फुटांवरून ७,३६१ फूट झाली. स्वतःचाच जागतिक विक्रम त्याने दोन फुटांनी मोडला, तोही सुतारकामातून.